मातीने धरून ठेवलेलं विष

ग्वाडेलूप आणि मार्तिनिक ही कॅरिबियन समुद्रातली दोन फ्रेंच बेटं केळीसाठी ओळखली जातात. केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यावर उपाय म्हणून १९७२ पासून तिथे बुंध्याभोवती क्लोरडेकोनची भुकटी टाकली जाऊ लागली. हेच औषध बनवणारे अमेरिकेतल्या होपवेलचे कामगार हातापायांना कंप सुटून आजारी पडले, तेव्हा १९७५ मध्ये तो कारखाना बंद झाला. फ्रान्सने मात्र बंदी घातली ती १९९० मध्ये, आणि तीही बेटांना १९९३ पर्यंत सवलत देऊन. ही सवलत अक्षम्य होती.

भुकटी बंद झाली, तरी विष जागचं हललेलं नाही.

क्लोरडेकोनचा रेणू म्हणजे दहा कार्बन अणूंचा पिंजरा आणि त्याला लगडलेले दहा क्लोरीन अणू. पाण्यात तो फारसा विरघळत नाही. कुजलेला पालापाचोळा, मुळं, जिवाणूंचे अवशेष यांतून मातीत जो सेंद्रिय कर्ब साठतो, त्याला मात्र तो घट्ट चिकटतो. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तिथल्या मातीत हा कर्ब भरपूर आहे. शिवाय त्या मातीतल्या अ‍ॅलोफेन या खनिजात अतिसूक्ष्म, नागमोडी पोकळ्या असतात. रेणू एकदा त्यांत शिरला की पाणी आणि जिवाणू त्याच्यापर्यंत सहसा पोचत नाहीत.

त्यामुळे उलटंच चित्र दिसतं. राखेच्या मातीत विषाचा साठा मोठा असतो, पण त्या मानाने अळकुड्या-रताळ्यांत ते कमी उतरतं. निटिसोल नावाच्या, कर्ब कमी असलेल्या मातीत साठा लहान असला तरी त्यातला मोठा वाटा पिकात आणि पाण्यात जातो. म्हणून मातीच्या तपासणीतला नुसता आकडा पाहून शेताचा धोका ठरवणं चूक आहे. फ्रेंच संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार निटिसोल पावसाने धुऊन निघायला काही दशकं ते शतकभर लागेल, तर राखेच्या मातीला पाच शतकांहून अधिक. निटिसोलमध्ये कंपोस्ट मिसळलं तर मुळ्यासारख्या भाजीत उतरणारं विष घटतं, असंही प्रयोगांत दिसलं. अर्थात कंपोस्टने विष नाहीसं होत नाही, ते फक्त मातीत अडकून राहतं.

आणि ही पकड सुटूही शकते. समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर वाढला, जमीन उघडी पडली, मातीची धूप वाढली आणि कर्बाला चिकटलेलं क्लोरडेकोन मातीसकट किनाऱ्याला जाऊन पोचलं, असं त्यातून पुढे आलं. किनाऱ्यालगतच्या काही पट्ट्यांत मासेमारीला बंदी आहे. बेटांवरच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात हे विष सापडलं आहे.

केळीच्या घडापर्यंत ते जवळपास चढत नाही. कंदपिकांत मुख्यतः मातीला टेकलेल्या सालीकडे साचतं. म्हणून परसबागेची माती तपासून घ्या, ती दूषित निघाली तर कंदांऐवजी टोमॅटोसारखी जमिनीच्या वर फळणारी पिकं घ्या आणि कंद खायचेच असतील तर साल जाड काढा, असा सल्ला तिथल्या लोकांना दिला जातो.