मुळातच भारी! वाळ्याची भन्नाट दुनिया

उन्हाळा आला की माठात वाळ्याची जुडी पडते, फ्रिजमध्ये सरबताची बाटली येते आणि पहिल्या पावसासोबत सगळे वाळ्याला विसरतात. पण हेच गवत रेल्वे वाचवतं, परफ्यूम टिकवतं, सांडपाणी साफ करतं, आणि हे सगळं जमिनीखाली दडलेल्या मुळांच्या जोरावर! चला तर मग, थेट मुळाशीच जाऊ.

हिरवा रंग? छे!
सरबताच्या बाटलीतला तो हिरवागार रंग वरून घातलेला असतो. खरी मुळं मातकट तपकिरी आणि त्यांचं तेल मधासारखं दाट, पिंगट. कनौजचं पारंपरिक ‘रूह खस’ (खस म्हणजे वाळाच) हे तेल मात्र हिरवट दिसतं, कारण ते तांब्याच्या भांड्यात काढतात. कमाल तांब्याची!

एका वर्षात एक मजला
माहीत आहे का, वाळ्याची मुळं चांगल्या जमिनीत पहिल्याच वर्षी 3 ते 4 मीटर खोल जातात? तीही सरळ खाली. आजूबाजूला फारशी पसरत नसल्याने शेजारच्या पिकाशी भांडण नाही.

गवत की पोलाद?
केसासारख्या बारीक दिसणाऱ्या या मुळांची ताणशक्ती सरासरी 75 मेगापास्कल! म्हणजे माइल्ड स्टीलच्या साधारण एक षष्ठांश. गवताच्या मानाने दणदणीत स्कोअर.

रुळांचा रखवालदार
2000 साली चक्रीवादळांनी मादागास्करमधल्या फियानारान्त्सोआ–पूर्व किनारा रेल्वेमार्गावर दरडी कोसळल्या. मग मार्गालगतच्या शेतकऱ्यांनी उतारांवर वाळा लावला. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह महामार्गाच्या कापलेल्या डोंगरउतारांवरही वाळाच उभा आहे. घाटातल्या दरडींनी धास्तावलेल्या आपल्यासाठी हे नोट करण्यासारखं! एक लक्षात ठेवा: वाळा वरच्या काही मीटरची माती धरतो. अख्खा कडाच सुटला तर त्याचा इलाज नाही.

खानदान ओळखीचं
ऊस, ज्वारी, गवती चहा... सगळे वाळ्याचे भाऊबंद! पण दक्षिण भारतातल्या लागवडीच्या वाळ्याचं बी रुजत नाही. ठोंब फोडून फुटवे लावायचे, एवढाच मार्ग. म्हणून तो लावाल तिथेच राहतो, रानभर माजत नाही.

वाळवी विरुद्ध वाळा
माहीत आहे का, वाळवीला वाळा अजिबात सोसत नाही? अमेरिकेतल्या लुइझियानातल्या संशोधकांनी दाखवलं, की वाळ्याच्या तेलातलं नूटकॅटोन वाळवीला पळवतं. हाच पदार्थ ग्रेपफ्रूटच्या सालीतही असतो. 2020 मध्ये अमेरिकेने डास आणि गोचिडांना दूर ठेवणाऱ्या उत्पादनांसाठी त्याला मंजुरीही दिली.

खोडकिडीचा पोपट!
दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांत मक्यावरच्या खोडकिडीचा पतंग मका सोडून वाळ्यावर अंडी घालताना दिसला. आणि वाळ्यावर अळ्या जगतच नाहीत! बांधावर वाळा म्हणजे बिनविषारी सापळा.

सांडपाण्याचा सफाई कामगार
तरंगत्या तराफ्यावर वाळा लावा, मुळं गढूळ पाण्यात सोडा. पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस तो शोषून घेतो. कित्येक झाडं जिथे मान टाकतात, त्या जड धातूंच्या खाणमातीतही हा गडी तग धरतो.

शकुंतला ते पॅरिस
कालिदासाच्या ‘शाकुंतल’मध्ये तापलेल्या शकुंतलेसाठी वाळ्याचा लेप नेला जातो. आता जंप थेट पॅरिसला: 1959 मध्ये गेरलॅन या परफ्यूम कंपनीने ‘वेटिव्हर’ (म्हणजे वाळाच!) नावाचं परफ्यूम आणलं आणि ते आजही विकलं जातं. वाळ्याचं तेल फार सावकाश उडतं, म्हणून इतर सुगंधांनाही ते धरून ठेवतं. माहीत आहे का, या तेलाच्या उत्पादनात आघाडीवर कोण? हैती, कॅरिबियनमधला चिमुकला देश!

आपलंच गवत, जगाला पाठ
म्हैसूरजवळच्या गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळा राखला. 1980 च्या दशकात जागतिक बँकेचे तज्ज्ञ रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफिल्ड यांनी भारतात काम करताना मृदसंधारणासाठी वाळ्याचा जोरदार पुरस्कार केला. थायलंडचे तत्कालीन राजे भूमिबोल तर त्याचे असे फॅन, की 1996 मध्ये वाळ्यावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्यांच्याच देशात, चियांग राय इथे भरली.

पण खरी मेख इथे आहे
अत्तर हवं तर मुळं उपसावी लागतात आणि मुळं उपसली की भुसभुशीत झालेली माती पावसाबरोबर निघाली! म्हणून तेलासाठी सपाट शेतात वेगळा वाळा लावा. उतारावरच्या वाळ्याला मात्र हात लावायचा नाही. त्याचा पाला वर्षातून दोनदा-तीनदा खुशाल कापा. कोवळा असेल तर गुरांना घाला, जून झाला तर आच्छादनाला किंवा छपराला वापरा.

यंदा करून बघा
पाऊस जमला की ठोंब फोडा. उताराला आडवी, समपातळीत एक ओळ आखा आणि दर 10 ते 15 सेंटिमीटरवर एकेक फुटवा लावा. मध्ये खिंडार नको, नाहीतर पाणी नेमकं तिथूनच सुसाट पळेल! ओळ दाट झाली की पाणी अडखळतं, गाळ मागे साचतो आणि वर्षागणिक आपोआप पायरी तयार होते. ना सिमेंट, ना जेसीबी. बांधाच्या खर्चाचं गणित मांडण्याआधी वाळ्याचे फुटवे शोधायला लागा!