मालट्रकची स्टेपनी
मालट्रकच्या मागच्या चाकांना जोडटायर असतात. आतला बसला तरी बाहेरचा एकटाच भार पेलत राहतो आणि तापून फुटतो. म्हणून धाराशिव जिल्ह्यात नळदुर्ग, उमरग्यावरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर ट्रक थांबला की क्लीनरने टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून पाहावी. हवा गेलेला टायर बद्द वाजतो.

टायर बदलण्यासाठी ट्रक सपाट, टणक जागी घेऊन इतर चाकांना दगड लावतात. पावसाळ्यात इथल्या काळ्या मातीत जॅक खचतो, त्याखाली जाड फळी हवीच. नट आधी ढिले करायचे, मग जॅक चढवायचा. स्टेपनी, म्हणजे जादा चाक, चढवल्यावर तिचे नट समोरासमोरचे आवळतात आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासतात. ट्यूबच्या टायरमध्ये हवा भरताना टायर धरून ठेवणाऱ्या लोखंडी रिंगसमोर कुणी उभे राहू नये. ती उडाली तर जीव जातो. निघताना चाकाचे दगड रस्त्यावरून उचलायचे असतात, आणि नेमके तेच बरेचदा राहते.