मोटारींतील गारवा कोठें जातो ?

वैशाखाच्या उन्हांत कबनूरहून कोल्हापुरास निघालेल्या मोटारींत थंड हवेऐवजीं कोमट वारा येऊं लागला, म्हणजे "गॅस संपला, भरून घेऊं" असें म्हणण्याचा प्रघात आहे. हें म्हणणें बहुधा अर्धवट असतें. तें कसें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें गाडींतील उष्णता उचलून बाहेर टाकतें. तळहातावर स्पिरिट घातलें असतां तें उडून जातें व हात गार पडतो. कारण द्रवाची वाफ होतांना भोंवतालची उष्णता शोषली जाते. येथेंही तोच नियम आहे. अनेक मोटारींत वापरला जाणारा आर-१३४ए हा पदार्थ हवेच्या साध्या दाबाखालीं उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्यें त्याची वाफ होते व तेथील हवा गार होते. कॉम्प्रेसर ही वाफ ओढून दाबतो. गाडीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरमध्यें ती आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्यास देऊन पुन्हां द्रव होते. हा द्रव अरुंद झडपेंतून जातांना त्याचा दाब उतरतो व तो परत कॉइलमध्यें येतो. पेट्रोलाप्रमाणें हा पदार्थ जळून खर्च होत नाहीं. मग तो फार कमी झाला, तर कोठून तरी गळालाच असला पाहिजे.

आतां दोष क्रमानें शोधावा. वाराच मंद असेल, तर आंतील हवेचा फिल्टर धुळीनें भरला असेल किंवा पंखा बिघडला असेल. वारा जोराचा पण कोमट असेल, तर इंजिन चालू असतां, हात दूर ठेवून, कॉम्प्रेसरच्या तोंडची क्लचाची चकती फिरते कीं नाहीं तें पहावें. न फिरल्यास फ्यूज किंवा रिले निकामी असेल, अथवा वायु इतका घटला असेल कीं दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला चालूंच देत नाहीं. कांहीं नव्या गाड्यांत असा क्लच नसतो. तेथें ही परीक्षा कारागिरावर सोंपवावी.

धांवतांना गार व उभी राहतांच कोमट, असें होत असल्यास कंडेन्सर व त्याचा पंखा पहावा. आमच्या गांवीं यंत्रमागांची तूस व ऊस-हंगामांतील रस्त्याची धूळ यांस तोटा नाहीं. ती कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांत बसली कीं वारा अडतो. इंजिन बंद व थंड असतां हलक्या धारेनें तो धुवावा.

गारवा महिनोंमहिने हळूहळू उतरत गेला असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. वायूबरोबर थोडें तेलही फिरतें; म्हणून पुष्कळदां गळतीच्या जागीं तेलकट डाग दिसतो. नळ्या मात्र स्वतः उघडूं नयेत. दाबाखालील वायु अंगावर उडाल्यास हिमदाह होतो. कारागिरास आधीं "गळती कोठें आहे ?" असें विचारावें, आणि उरलेला वायु हवेंत न सोडतां यंत्रानें काढून घेण्यास सांगावें.

ही खबरदारी केवळ पैशासाठीं नव्हे. पूर्वींचा आर-१२ हा वायु पृथ्वीवरील ओझोनच्या थराचा नाश करी. म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानें अशा द्रव्यांस आळा घातला. आर-१३४ए ओझोनास अपाय करीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता पृथ्वीवर राखून ठेवतो. म्हणून २०१६ सालीं किगाली येथें अशा वायूंचाही वापर क्रमाक्रमानें कमी करण्याचें ठरलें.

फुटकी घागर पुनःपुन्हां भरल्यानें पाणी टिकत नाहीं. आधीं चीर बुजवावी, मग घागर भरावी. मोटारीच्या गारव्याचेंही तसेंच आहे.