ट्रॅक्टर ५० एचपीचा, पण ओढणार किती? उसाच्या दोन ट्रॉल्यांमागचे गणित

गळीत हंगाम सुरू झाला, की अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव, राहुरीच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न असतो : किती एचपी? मात्र ओढण्याची क्षमता तेवढ्यावर ठरत नाही.

एचपी म्हणजे काय?
इंजिन किती झपाट्याने काम करते, त्याचे माप. १ एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट. तेवढ्याच एचपीत वेग चौपट केला, तर ओढ चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणूनच चढावर खालचा गिअर टाकावा लागतो.

वजन का महत्त्वाचे?
इंजिनाचा जोर चाकांच्या पकडीतूनच जमिनीवर उतरतो. ट्रॅक्टर हलका असेल, तर चाके जागेवरच फिरतात. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकेही ओढतात. त्यामुळे तेवढ्याच एचपीत ओल्या फडातून ट्रॉली बाहेर काढणे सोपे जाते.

पुढची चाके का उचलतात?
ट्रॉली मागच्या एक्सलपेक्षा उंचावर जोडली, की ओढताना ट्रॅक्टरचे तोंड वर होते आणि स्टिअरिंग काम करत नाही. जोडणी खालच्या हूकलाच हवी.

मोठा धोका कुठे?
उतारावर. ५ टक्के उतारावर १० टनांचा भार सुमारे ५०० किलोच्या जोराने खाली खेचला जातो. ट्रॉलीला ब्रेक नसेल, तर हा सगळा जोर ट्रॅक्टरवर येतो.

काय काळजी घ्याल?
- उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. खालच्या गिअरमध्येच उतरवा.
- खरेदीवेळी एचपीसोबत ट्रॅक्टरचे वजन आणि ओढण्याची मर्यादाही विचारा.
- ब्रेक आणि मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यावर काढू नका.