ईसीजी काढला, पण कोणाच्या नावावर?

छातीत दुखत असलेला रुग्ण रुग्णालयात पोहोचला की दहा मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी निघावा, असा दंडक जगभर मानला जातो. आलेख निघतोही लगेच. मात्र तो यंत्रात कोणत्या नावाने साठवला गेला, याकडे क्वचितच लक्ष जाते. पुढच्या खेपेला उपचाराचा निर्णय अनेकदा तिथेच अडतो.

जुना आलेख का हवा?

पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या किंवा हृदयातील विद्युतमार्गात अडथळा असलेल्यांच्या ईसीजीत कायमचे बदल राहू शकतात. असा आलेख प्रथमच पाहणाऱ्या डॉक्टरांना तो ताजा झटका वाटू शकतो. शेजारी वर्षभरापूर्वीचा आलेख ठेवला, तर बदल जुना की आजचा, हे समजायला मोठी मदत होते. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर द्यावे तितके चांगले. पण त्यात रक्तस्रावाचा धोकाही असतो. म्हणून ही तुलना मोलाची.

एकाच नावाचे अनेक

गडहिंग्लजसारख्या ठिकाणी आजरा, चंदगड भागातूनही रुग्ण येतात. एकाच गावात एकाच नावा-आडनावाच्या चार व्यक्ती सहज सापडतात. त्यात यंत्रावर नाव बहुधा इंग्रजी अक्षरांत टाकावे लागते. ‘पाटील’ एकदा ‘आय’ने आणि एकदा ‘डबल ई’ने लिहिले, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे रुग्ण ठरतात. नाव टाकलेच नाही, तर यंत्र फाइलला आपोआप एखादा क्रमांक देते. संध्याकाळी तो क्रमांक कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. पुढील उपचारांसाठी रुग्णाला कोल्हापूर किंवा बेळगावला पाठवताना हा आलेख मोबाइलवरून पुढे जातो, तेव्हा त्यावरील चूकही सोबत जाते.

रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सुचवले आहे. नावासोबत केसपेपर क्रमांक किंवा जन्मतारीख घातली की बराचसा घोळ मिटतो. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक असल्यास तोही उपयोगी पडतो. खाटेचा क्रमांक मात्र ओळख म्हणून वापरू नये. खाट तीच राहते, रुग्ण बदलतो.

वय, लिंग आणि तारीख

यंत्र आलेखाखाली जो निष्कर्ष छापते, त्यात वय आणि लिंग विचारात घेतलेले असते. छातीवरील पहिल्या काही लीडमध्ये ‘टी’ लहर उलटी दिसणे लहान मुलांत नैसर्गिक असते. प्रौढांत तीच शंकेची खूण ठरू शकते. वय चुकले, तर निष्कर्षही फसू शकतो.

यंत्राचे घड्याळ रोज तपासावे. आतली छोटी बॅटरी संपली, की तारीख भलतीच मागे जाते. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहिली, तर आलेख आपोआप कालक्रमाने लागतात आणि ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा प्रश्न उरत नाही. यंत्राची साठवण मर्यादित असते. ती भरली, की काही यंत्रे सर्वांत जुना आलेख पुसून नवा ठेवतात. त्यामुळे ठरलेल्या दिवशी आलेख रुग्णालयाच्या संगणकावर उतरवून घ्यावेत, नीट उघडतात का ते पाहावे आणि मगच यंत्रातून काढावेत.

रुग्ण अत्यवस्थ असेल, तर नावासाठी थांबू नये. आधी आलेख काढावा. पुढच्या रुग्णाला तारा जोडण्यापूर्वी मात्र नाव भरावे.

रुग्णांनी काय करावे?

- आलेख हाती येताच त्यावरील नाव, वय आणि तारीख वाचावी. चूक असल्यास तिथेच सांगावे.
- ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेने छापला जाणारा असतो. काही वर्षांत तो पुसट होतो. त्याची झेरॉक्स काढून ठेवावी. लॅमिनेशन करू नये, उष्णतेने कागद काळा पडतो.
- मोबाइलमध्ये स्पष्ट फोटो ठेवावा. नाव आणि तारीख त्यात दिसायला हवी.
- मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी जुना ईसीजी औषधांच्या चिठ्ठीसोबत ठेवावा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठताना तो सोबत घ्यावा. मात्र तो शोधण्यात वेळ घालवू नये.