ध्वनिमिश्रण आणि मास्टरिंग

ध्वनिमिश्रण किंवा मिक्सिंग म्हणजे स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेले गायन व वाद्ये यांचा समतोल साधून एकसंध गीत तयार करण्याची प्रक्रिया होय. ‘सैराट’ (२०१६) या मराठी चित्रपटाच्या अजय-अतुल यांच्या संगीतात अमेरिकेतील सोनी स्कोरिंग स्टेजवर मुद्रित केलेला सिंफनी वाद्यवृंद आणि मराठी गायन यांचा असा मेळ आढळतो.

गायन व हार्मोनियम यांच्या वारंवारता एकमेकींवर आल्यास शब्द अस्पष्ट होतात. अशा वेळी गायनाची पातळी वाढवत नेण्याऐवजी इक्वलायझरने हार्मोनियमचा तेवढाच वारंवारतापट्टा कमी केला जातो.

मास्टरिंग हा त्यानंतरचा अंतिम टप्पा आहे. यात तयार मिश्रणाचा एकूण स्वरपोत व पातळी प्रसारणायोग्य केली जाते. लिमिटरचा अतिवापर केल्यास संगीतातील चढउतार नाहीसे होतात. मिश्रणात दबलेला आवाज मास्टरिंगमध्ये पूर्णपणे सुधारता येत नाही. त्यासाठी पुन्हा मिश्रण करावे लागते.