छोटी, वेगवान प्राइम लेन्स: ऐकीव गोष्टी आणि खरी गोष्ट

क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा घेऊन काही महिने किट लेन्सवर काढले की बहुतेकांच्या मनात एकच विचार घोळायला लागतो: आता एखादी प्राइम घ्यावी. छोटी, हलकी आणि मोठ्या ॲपर्चरची. मग सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे पुढच्याने मागच्याकडून ऐकलेले असतात आणि लेन्स हातात आल्यावर त्यांचा फोलपणा कळतो. तोवर पैसे गेलेले असतात. अशा लेन्सची खरी किंमत कशात असते, हे समजून घ्यायला फुजीफिल्मच्या दोन लेन्स फार उपयोगी पडतात. माउंट तोच, फोकल लेंथ तीच, ३५ मिमी. पहिली एफ/१.४, एक्स-प्रो१ या कॅमेऱ्याबरोबर २०१२ मध्ये आली. दुसरी एफ/२, २०१५ मध्ये आली. वजन अनुक्रमे १८७ आणि १७० ग्रॅम. कागदावर फरक एका स्टॉपचा आणि १७ ग्रॅमचा, पण दोघींचे स्वभाव अगदी वेगळे.

‘क्रॉप बॉडीवर ३५ ची लेन्स ५० ची होते’

होत नाही. फोकल लेंथ हा लेन्सचा गुण आहे, ती कुठल्याही बॉडीवर लावली तरी ३५ च राहते. सेन्सर लहान असल्यामुळे त्या लेन्सने उमटवलेल्या प्रतिमेचा फक्त मधला भाग टिपला जातो, म्हणून दृश्य अरुंद दिसतं. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा असतो. त्यावर ३५ मिमीचा दृश्यकोन कर्णावर मोजला तर सुमारे ४४ अंश भरतो, फुल फ्रेमवर ५० मिमीचा सुमारे ४७ अंश. म्हणजे ‘५० सारखी दिसते’ हे म्हणणं जवळपास बरोबर, ‘५० होते’ हे चूक.

याच गैरसमजाचं दुसरं टोक म्हणजे ‘क्रॉपवर एफ/१.४ हे खरं तर एफ/२.१ असतं’. यात अर्धं सत्य आहे. एकाच जागेवरून, तेवढंच दृश्य फुल फ्रेमवर घेतलं, तर डेप्थ ऑफ फील्ड एफ/२.१ इतकी जुळते. एक्स्पोजर मात्र बदलत नाही. एफ/१.४ ला जो शटर आणि जो आयएसओ बसतो, तोच दोन्ही कॅमेऱ्यांवर बसतो. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त असल्यामुळे तिथे त्याच आयएसओला नॉइज कमी दिसतो, पण तो सेन्सरचा लाभ आहे. लेन्सच्या माथी तो उणेपणा मारायचं कारण नाही.

या आकडेमोडीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न लोक विचारतच नाहीत: तुम्ही फोटो काढता कुठे? मुंबई-पुण्याकडची दहा बाय दहाची खोली घ्या. पाठ भिंतीला टेकवून उभे राहिलात, तर कॅमेऱ्यापासून समोरची भिंत साधारण पावणेतीन मीटरवर येते. ३५ मिमीमध्ये त्या भिंतीचा जेमतेम सहा फूट रुंद भाग मावतो. मखर मावेल, पण आरतीला उभी असलेली घरची माणसं कडेला कापली जातील. २३ मिमी लावली तर तीच भिंत नऊ फूट दिसते. घरातले कार्यक्रम, छोटी दुकानं, गल्लीबोळ हे ज्यांचे विषय आहेत, त्यांनी ३५ कडे न बघता २२ ते २४ मिमीच्या लेन्स बघाव्यात. कॅननची ईएफ-एम माउंटची २२ मिमी एफ/२ (२०१२) ही केवळ १०५ ग्रॅमची होती. फुजीची २३ मिमी एफ/२ आणि निकॉनची २०२३ मध्ये आलेली झेड डीएक्स २४ मिमी एफ/१.७ याच जातीच्या. अंगणात, शाळेच्या मैदानावर, माणसांचे कमरेपासून वरचे फोटो काढायचे असतील, तर ३० किंवा ३५ मिमी छान. आधी दृश्यकोन ठरवायचा, ॲपर्चर नंतर. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

‘प्राइमला पायांनी झूम करायचं असतं’ हा सल्लाही जपून घ्यावा. चार पावलं पुढे गेलं की विषय मोठा होतो, पण अंतर बदलल्यामुळे चेहऱ्याची आणि मागच्या गोष्टींची परस्पर प्रमाणंही बदलतात. २३ मिमी घेऊन चेहऱ्याच्या फार जवळ गेलात, तर नाक पुढे आलेलं दिसेल. तो लेन्सचा दोष नाही, अंतराचा परिणाम आहे.

‘एफ/१.४ घ्यायची ती बॅकग्राउंड धूसर करायला’

मला हाच गैरसमज सगळ्यात महागात पडणारा वाटतो. ३५ मिमीवर, एफ/१.४ ला, दीड मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर सुस्पष्ट राहणारी खोली सुमारे १० सेंटिमीटर असते. एफ/२ ला तीच सुमारे १५ सेंटिमीटर. ६० सेंटिमीटरवर बाळाचा चेहरा घ्यायला गेलात, तर एफ/१.४ ला दीड सेंटिमीटरच्या आसपास उरते: जवळचा डोळा स्वच्छ, लांबचा डोळा मऊ. दोन बहिणी एकीमागे एक बसल्या असतील, तर एकीचाच चेहरा नीट येणार. धूसर पार्श्वभूमीच्या नादात असे कितीतरी कौटुंबिक फोटो वाया जातात. मागचं धूसर करायचं असेल, तर विषयाच्या जवळ जाणं आणि विषय भिंतीपासून लांब आणणं, हे दोन उपाय ॲपर्चरइतकेच प्रभावी आहेत.

मोठ्या ॲपर्चरचा खरा उपयोग प्रकाशासाठी. किट झूम ३५ मिमीच्या आसपास साधारण एफ/४.५ वर येऊन ठेपलेली असते. तिच्या तुलनेत एफ/१.४ दहापट आणि एफ/२ पाचपट प्रकाश आत घेते. संध्याकाळची आरती डोळ्यांसमोर आणा. खोलीत एक एलईडी बल्ब, ताटात निरांजन, टाळ्या वाजवणारे हात. एफ/१.४ ला १/१२५ सेकंद आणि आयएसओ ३२०० वर जो फोटो मिळतो, तोच किट झूमवर घ्यायचा तर शटर १/१२ वर न्यावा लागेल आणि हात पुसट होतील. नाहीतर आयएसओ ३२००० वर न्यावा लागेल आणि निरांजनाच्या उजेडातली त्वचा खरखरीत, रंग उडालेली दिसेल. फ्लॅश लावला तर निरांजनाचा उजेडच मरतो. ही छोटी लेन्स तिथे जे करते, ते किट लेन्सच्या आवाक्यातलं नाही.

मग एफ/१.४ की एफ/२? एका स्टॉपचा फरक आजचे सेन्सर सहज पोटात घेतात. हुकलेला फोकस मात्र कुठलाच सेन्सर भरून काढत नाही. २०१२ ची एफ/१.४ फोकस करताना भिंगांचा जवळपास सगळा गट पुढेमागे हलवते. त्यामुळे ती संथ आहे आणि शांत खोलीत तिची घरघर ऐकू येते. व्हिडिओत तो आवाज रेकॉर्ड होतो. एफ/२ मध्ये आतला छोटा, हलका गट स्टेपिंग मोटरवर सरकतो: चटकन आणि जवळजवळ निःशब्द. पळणारी मुलं, रस्त्यावरची हालचाल आणि व्हिडिओ यांसाठी मी डोळे मिटून एफ/२ सुचवतो. एफ/१.४ च्या बाजूने बोलायचं तर ती २८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, एफ/२ ला ३५ सेंटिमीटरवर थांबावं लागतं. ताटातला पदार्थ किंवा हातातली मेंदी टिपताना हे सात सेंटिमीटर जाणवतात. शिवाय पूर्ण उघडी असताना तिच्या कडा मऊ असल्या, तरी एकंदर चित्राला जो नरमपणा येतो तो पोर्ट्रेटला शोभतो. तिचे चाहते उगीच झालेले नाहीत.

‘सगळंच हवं’ म्हणणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये फुजीने ३३ मिमी एफ/१.४ आणली. कडेपर्यंत स्वच्छ, झपकन फोकस होणारी. जुनीत ८ भिंगं ६ गटांत होती, हिच्यात १५ भिंगं १० गटांत आहेत आणि वजन ३६० ग्रॅम. म्हणजे जवळपास दुप्पट. उणिवा भिंगांनीच दूर करायच्या म्हटल्यावर काचा वाढतात, आणि काच जड असते.

‘सॉफ्टवेअरने सुधारलेली लेन्स ही फसवणूक’

एफ/२ ची रॉ फाइल दुरुस्त्या न करणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की लोक दचकतात. दाराची चौकट बाहेरच्या बाजूला फुगलेली दिसते. सिग्माची ३० मिमी एफ/१.४ डीसी डीएन (२०१६), क्रॉप मिररलेसवर अतिशय लोकप्रिय झालेली लेन्स, तिचंही तेच. कॅमेरा जेपेग करताना ही वक्रता सरळ करतो, आणि लाइटरूमसारखे प्रोग्राम फाइलमधली माहिती वाचून आपोआप तेच करतात.

यात लबाडी नाही, रचनेचा निर्णय आहे. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्याला थेट लेन्समधून आलेलं दृश्य दिसायचं, म्हणून वाकडेपणा काचेतच दुरुस्त करणं भाग होतं. मिररलेसमध्ये डोळ्याला दिसतं ते स्क्रीनवरचं, आधीच सरळ केलेलं चित्र. त्यामुळे आरेखक वक्रतेचं काम गणितावर सोपवतो आणि गणिताने न सुटणाऱ्या दोषांवर काच खर्च करतो. छोटी लेन्स छोटी राहते ती याच कारणाने.

याची किंमत काहीच नाही असं मात्र नव्हे. प्रतिमा सरळ करताना कोपरे ताणले जातात, तिथला बारीक तपशील किंचित विरळ होतो. काळवंडलेले कोपरे उजळले की तिथे नॉइज थोडा वाढतो. इमारती आणि नकाशे टिपणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. माणसं टिपणाऱ्याने विसरून जावं. परीक्षण करताना नियम साधा: जे चित्र शेवटी तुमच्या हातात येतं, त्याचे कोपरे बघा.

‘डब्ल्यूआर लिहिलंय, आता पावसाळ्याची चिंता नाही’

डब्ल्यूआर म्हणजे थेंब आणि धूळ रोखणारी सीलं. ती सीलं लेन्सवर असून भागत नाही, बॉडीवरही लागतात. एक्स-टी३० सारख्या सील नसलेल्या बॉडीवर एफ/२ लावून भर पावसात उभं राहिलात, तर पाणी बॉडीच्या बटणांतून आत जाईल. आणि बुरशीचा या सीलांशी संबंध फारच थोडा. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतच एवढा दमटपणा असतो की कपाटात बंद पडलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे धागे धरतात. चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत लेन्स महिनोन्‌महिने ठेवणं हा तर बुरशीला पोसण्याचा मार्ग. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेल ओलावलं की गरम करून पुन्हा कोरडं करायचं. लेन्स वापरात ठेवणं हे त्याहून चांगलं.

स्टॅबिलायझेशनबद्दल थोडक्यात. ते तुमच्या हाताचं कापणं सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. सोनीची ३५ मिमी एफ/१.८ ओएसएस यात उजवी आहे आणि अंधाऱ्या देवळातल्या कोरीव खांबासाठी तिचा फार उपयोग होतो. नाचणाऱ्या मुलीसाठी शटरच वाढवावा लागतो.

‘पुढेमागे फुल फ्रेम घेऊ, म्हणून आत्ताच त्याची लेन्स घेऊन ठेवू’ हा विचार काटकसरीचा वाटतो, पण आज जास्त वजन वाहायचं आणि हवा तो दृश्यकोन सोडायचा. फुल फ्रेमची ५० मिमी क्रॉपवर छोट्या खोलीत निरुपयोगी ठरते. ती बॉडी येईल तेव्हा येईल.

राहता राहिली तपासणी. एकाच मॉडेलच्या दोन लेन्स एकसारख्या नसतात. जुळणीत एखादं भिंग तसूभर कललं असेल तर एक बाजू कायम मऊ येते. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून काढलेला फोटो इथे हमखास दगा देतो, कारण मोठ्या ॲपर्चरला कॅमेरा किंचित तिरका धरला गेला तरी एक कड मऊ होते आणि दोष लेन्सच्या नावावर जातो. त्यापेक्षा गच्चीवर जा. लांबची एखादी इमारत किंवा मोबाइल टॉवर निवडा, तो चौकटीच्या मध्यावर घेऊन फोकस करा आणि मग मॅन्युअलवर टाका. फोकसला हात न लावता, पूर्ण उघड्या ॲपर्चरला, तोच टॉवर आळीपाळीने चारही कोपऱ्यांत घेऊन चार फोटो काढा. स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून शेजारी शेजारी ठेवा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती रचनेची मर्यादा आहे, तुमची लेन्स ठीक आहे. एकच कोपरा उघड वेगळा दिसला, तर लेन्स बदलून घ्या. तेव्हाच रात्री रस्त्यावरचे दिवेही कोपऱ्यात घेऊन बघा. त्यांना पंख फुटल्यासारखे दिसत असतील आणि तुम्हाला रात्रीचं शहर टिपायचं असेल, तर ॲपर्चर किती बंद केल्यावर ते पंख जातात हे आत्ताच टिपून ठेवा. ही सगळी तपासणी परत करण्याची मुदत संपण्याआधी करा, आणि बिल व खोका तोवर जपून ठेवा.